सर्व्हरच्या घड्याळात साडेपाच तास

आईच्या पंचाहत्तरीला आलेले पहिले तीन पाहुणे भोपाळच्या स्टेशनवर दीड तास बसून राहिले. त्यांना आणायला इतक्यात जायची गरज नाही, असं माझ्या वेबसाइटनेच मला सांगितलं होतं.

मी भोपाळच्या अवधपुरीत राहतो, कारखान्यात इंजिनीअर आहे, आणि त्या वर्षी मी पायथॉन ही कॉम्प्युटरची भाषा शिकलो होतो. (या वयात काही जण गुडघे बदलतात.) नागपूर, वर्धा, अमरावतीहून चौदा नातेवाईक येणार, भोपाळला स्टेशनं दोन, गाड्या वेगवेगळ्या. तेव्हा मी एक वेबसाइट लिहिली. प्रत्येकाने आपली गाडी, स्टेशन आणि वेळ भरायची. पुढच्या तासाभरात कोणाला आणायला जायचं, ते वेबसाइट सांगणार. घरच्या लॅपटॉपवर ती बिनचूक चालली. मग मी ती भाड्याच्या एका लिनक्स सर्व्हरवर चढवली आणि बायकोने, वैशालीने, फ्रिजवर लावलेली पाहुण्यांची यादी मी फाडून टाकली.

"राहू दे ना कागद," ती म्हणाली.

"कागद हरवतो," मी म्हणालो.

त्या सकाळी नऊ वाजता मी वेबसाइट उघडली. 'सध्या कोणी येणार नाही. चहा घ्या.' हे वाक्य मीच हौसेने लिहिलं होतं. मी चहा घेतला. साडेनऊला परत पाहिलं, परत तेच. मी परत घेतला.

साडेदहाला नागपूरच्या वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, निघालात का? तुमचे दादा आणि मी ठीक आहोत, पण मावशी बाकावर अवघडल्यात. दोन कुली येऊन विचारून गेले, 'माताजी, कौन सी गाड़ी पकड़नी है?'"

"अहो, पण वेबसाइट म्हणते तुम्ही अजून यायचे आहात."

"आम्ही नऊलाच आलोय. वेबसाइटला सांगा."

वैशाली गाडी घेऊन स्टेशनवर गेली. मी सर्व्हरवर शिरलो. तिथलं घड्याळ पहाटेचे पाच दाखवत होतं. माझी खात्री पटली की कोणीतरी आत घुसून घड्याळ फिरवलंय. चोर आत असेल तर दारं लावावीत, म्हणून मी फायरवॉल सुरू केली आणि सगळे रस्ते बंद केले. त्यात माझा आत जायचा रस्ताही होता. वेबसाइट बंद, मी बाहेर, आणि अकरा पाहुण्यांच्या गाड्यांच्या वेळा आत.

"अमरावतीचे कितीला येणार?" आईने विचारलं.

"येतील," मी म्हणालो.

तेवढ्यात स्टेशनवरची मंडळी घरी पोचली. मी मावशींच्या पाया पडलो आणि चोराची हकीकत सांगितली. वहिनींनी चप्पल काढता काढता विचारलं, "घड्याळ बरोब्बर साडेपाच तास मागे होतं का?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"चोर नाही हो. सर्व्हर जागतिक वेळेवर चालतोय. भारताची वेळ लावायची राहिली तुमची."

वहिनी एका विमा कंपनीच्या कचेरीत 'कॉम्प्युटरचं काहीतरी' करतात, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्या अठरा वर्षं तिथले सर्व्हर सांभाळत होत्या. आणि गेल्या दिवाळीत मी त्यांना सर्व्हर म्हणजे काय ते वाढप्याचं उदाहरण देऊन समजावलं होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं.

"बाहेरून जाता येत नसेल तर सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांच्या वेबसाइटवरून आत जाता येतं," त्या म्हणाल्या. "पासवर्ड आठवतोय ना?"

आठवत होता. पोह्यांची बशी शेजारी ठेवून त्यांनी आधी माझा रस्ता उघडला, मग वेबसाइटचा, मग घड्याळ भारतात आणलं. वीस मिनिटांत यादी समोर होती. अमरावतीचे पाऊण तासात, दुसऱ्या स्टेशनवर.

उरलेले अकराही जण वेळेवर घरी आले. संध्याकाळी ओवाळताना आईच्या दोन्ही बाजूंना तिची सगळी माणसं होती. मी वहिनींना बाजूला घेऊन म्हणालो, "आज तुम्ही नसता तर..."

"तर तुम्ही शिकला असतात," त्या म्हणाल्या. हे त्यांनी चारचौघांत सांगितलं नाही, याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे.

चारचौघांत ते मावशींनी सांगितलं. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "गुणी आहेस रे. पुढच्या वेळी चोर आला तर त्याला आत राहू दे. निदान त्याला तरी काम येत असेल."