मोहिते बाईंच्या वर्गातला पाळणा

मोहिते बाई गेल्याचं मला आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कळलं. सकाळची परिपाठाची वेळ, मुलं रांगेत उभी आणि पर्समध्ये फोन सारखा थरथरतोय. उघडून बघते तर बाईंचा फोटो, खाली हात जोडलेल्यांची रांग, आणि मध्येच दुबईच्या एकाने टाकलेला केक. वाढदिवस आहे असं वाटलं म्हणे, चष्मा नव्हता. बाई असत्या तर त्याला दुबईहून बोलावून बाकावर उभा केला असता. मी प्रतिज्ञा पूर्ण होऊ दिली, मुलांना वर्गात सोडलं आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडले. मग डोळे धुऊन चौथीला भागाकार शिकवला. तो सगळा चुकला.

बाईंनी मला पाचवी ते सातवी शिकवलं. पावसच्या अलीकडे आमचं गाव, चार खोल्यांची कौलारू शाळा. बाई मूळच्या मंडणगडच्या. बदली होऊन समुद्राकाठी आल्या नि इथेच निवृत्त झाल्या, पण समुद्राशी त्यांचं काही जमलं नाही. "एवढं पाणी, आणि प्यायला घोटभर नाही," ही त्यांची कायमची तक्रार. आवाज असा की त्यांनी प्रार्थना सुरू केली की कौलांवरचे कावळे उडत. फळ्यावर गाय काढली तर खाली 'गाय' लिहावंच लागे. आता कागदावर मांडायला बसले तर आदर्श शिक्षिकेचा एकही गुण हाताला लागत नाही... आणि तरी आमच्यापैकी कुणालाही विचारा, दुसऱ्या बाईंचं नाव तोंडात येणार नाही.

मुलं मोजणं हा त्यांचा एकच छंद. आरे-वारेच्या सहलीत तर त्यांनी आमच्या नाकी नऊ आणले. पाण्यात पाय घातला की मोजणी, वाळूत बसलो की मोजणी. जेवताना एक पोरगा जास्त भरला. बाईंनी तीनदा मोजलं, मग त्या पोरालाच विचारलं, "तू कुठला रे?" तो दुसऱ्याच शाळेच्या सहलीतला निघाला. तोवर बाईंनी त्याला दोन आंबोळ्या वाढल्या होत्या आणि नखं वाढलीत म्हणून दम भरला होता. त्याला त्याच्या गुरुजींकडे पोचवलं तेव्हा त्यांना तो हरवल्याचा पत्ताही नव्हता. मग बाईंनी त्या गुरुजींची जी हजेरी घेतली, ती आम्ही वर्षभर एकमेकांना करून दाखवत होतो.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. मी सहावीत असताना आमच्याकडे बाबू झाला. बाबा जहाजावर, आई काजूच्या फॅक्टरीत, घरात दुसरं मोठं माणूस नाही. बाबू सहा महिन्यांचा झाला, आईला कामावर परतायची वेळ आली आणि मी शाळा सोडायची असं ठरलं. "लिहिता-वाचता येतं ना आता? झालं तर मग," आई म्हणाली. ती दुष्ट नव्हती, तिला दुसरा मार्ग दिसत नव्हता. पण मला इतकं वाईट वाटलं की मी त्या एवढ्याशा पोराशी अबोला धरला. त्याला अर्थातच ते कळलं नाही. तो हसायचा.

पाच दिवस मी घरी होते. सहाव्या दिवशी सकाळी बाई छत्री घेऊन दारात. त्या दिवशी फॅक्टरी बंद होती आणि आई अंगण सारवत होती. "सुमे, विहिरीवरून कळशी भरून आण," बाई मला म्हणाल्या. "मला तुझ्या आईशी बोलायचंय." मी कळशी घेऊन परत आले तर बाई नाहीत, झोळीत बाबूही नाही. आई शेणाने भरलेले हात तसेच धरून रस्त्याकडे बघत उभी. माझ्याकडे न बघता म्हणाली, "कळशी ठेव नि जा शाळेत."

म्हणजे बाईंनी आईला पटवलं होतं. एका कळशीच्या वेळात! पुढे डी.एड.ला असताना 'पालकांशी सुसंवाद' या विषयावर मी याच प्रसंगावर निबंध लिहिला. बाई आईशी किती समंजसपणे बोलल्या असतील, ते दोन पानं रंगवलं. दहापैकी नऊ गुण पडले.

वर्गात वाशाला जुन्या साडीची झोळी टांगलेली होती आणि तिच्यात बाबू. दोरी ज्याच्या हातात त्याने पाढे म्हणायचे, असा नियम झाला. गाण्याने तो झोपेना, आणि बाईंच्या गाण्याने तर दचकून उठायचा. पाढ्यांना मात्र डुलायला लागायचा. आधी बारापर्यंत काम भागायचं, पण पुढे लबाड सरावला आणि वीसच्या पुढे जावं लागायला लागलं. त्या वर्षी आमच्या वर्गाचे तिसापर्यंतचे पाढे पाठ झाले, ते केवळ बाबू झोपेना म्हणून.

एक दिवस विस्तार अधिकारी तपासणीला आले. झोळी बघून दारातच थबकले. "बाई, हे काय?"

"पाच वर्षांनी पहिलीत येणार आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "पट कमी होतो म्हणून तुम्हीच ओरडता. आतापासून धरून ठेवलाय."

साहेबांनी सगळ्यांना शुद्धलेखनाला बसवलं. दोरी सुटली, बाबूने भोकाड पसरलं. मी उठायला लागले तर बाईंनी डोळ्यांनीच मला बसवलं. साहेबांना स्वतःचाच आवाज ऐकू येईना, तेव्हा हात टेकून त्यांनी दोरी धरली आणि सतराचा पाढा सुरू केला. पंच्याऐंशीपर्यंत ठीक गेले, तिथे अडकले. बाबूने एक डोळा उघडला. "एकशे दोन, साहेब," सगळा वर्ग कुजबुजला. शेऱ्याच्या वहीत त्यांनी 'पाढे उत्तम' लिहिलं. झोळीबद्दल एक अक्षर नाही.

चांगला शिक्षक कसा असावा, याचं आम्हाला हल्ली दर वर्षी प्रशिक्षण असतं, चहा-बिस्किटासकट. फोटो काढून ॲपवर टाकावे लागतात. मी झोपत नाही, पण शिकतही नाही. बाईंनी कुठलं प्रशिक्षण घेतलं होतं, देव जाणे.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा वाटलं, बाई त्या दिवशी नेमकं काय बोलल्या ते एकदाचं नीट विचारून घ्यावं. आई पडवीत कोकमं निवडत बसली होती. आता तिला कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्याने विचारलं, "बाईंनी तुला पटवलं तरी कसं गो?"

"पटवलं कुठे?" आई म्हणाली. "मी नाय म्हटलं. दोनदा म्हटलं. ती 'बरं' म्हणाली, पोराला उचललंन नि चालायला लागली. माझे हात शेणाचे. धरू कशी?"

माझं पेन तिथेच थांबलं. दहापैकी नऊ गुण गेले समुद्रात.

"मग तू मला शाळेत का पाठवलंस?"

"पोराला परत आणायला. तुला काय वाटलं? तू येईनास, म्हणून हात धुऊन मीच आले मागोमाग. खिडकीतून बघितलं तर हा झोपलेला. झोपल्या पोराला उचलून कुठे आणायचं... म्हटलं, उठला की नेऊ दोघांना." ती थोडा वेळ कोकमं निवडत राहिली. "तू पुढच्या बाकावर होतीस. पाढे म्हणत होतीस. केवढ्याने म्हणत होतीस गो..."

तिने पदराने डोळे पुसले आणि कोकमाचं आंबट पाणी डोळ्यात गेलं म्हणून माझ्यावरच चिडली.

"बाई आजारी होती तेव्हा भेटायला गेले होते," मग म्हणाली. "तेव्हाही सांगितलं तिला. बाई, मी अजून हो म्हटलेलं नाय."

"मग? काय म्हणाल्या?"

"'बरं' म्हणाली."