दस्तगीर गुळव्याचं नाक

दस्तगीर सांगलीच्या एका कॉलेजात रसायनाच्या प्रयोगशाळेत शिपाई होता, पण पलूसकडं त्याला सगळे गुळव्याच म्हणत. नोकरी पोटासाठी, जीव अडकलेला नाथाजीआबांच्या गुऱ्हाळात. हंगाम आला की साठवलेली सगळी रजा टाकून हा काहिलीपाशी हजर. उकळत्या रसाचा वास घ्यायचा आणि जाळ कमी-जास्त करायला सांगायचा. त्याच्या हातचा गूळ कधी करपला नव्हता. ‘कायमचा ये, गुऱ्हाळ तुझ्या हवाली करतो,’ असं आबांनी एकदा म्हणावं, यासाठी तो वर्षानुवर्षं झुरत होता.

प्रयोगशाळेत त्याचं काम मुलांसाठी वायू तयार करायचं. कुजक्या अंड्यांसारखा घाणेरडा वास, आणि तो बाहेर ओढून टाकणारा पंखा कधीचा बंद. दस्तगीरनं सुरुवातीला गाऱ्हाणं घातलं, तेव्हा विभागप्रमुख म्हणाले, सवय होईल. झाली की सवय! पोरं नाकाला रुमाल लावून पळायची आणि हा गडी तिथंच उभ्यानं चहा घ्यायचा, वर त्यांची थट्टा करायचा. आपण त्या वासाला पुरून उरलो, असंच त्याला वाटायचं. घरी बायकोचं, सुगराबीचं कालवण बेचव लागायला लागलं, तर बोल बिचारीच्या हाताला.

शहात्तर सालच्या हंगामात आबांनी अखेर तो शब्द दिला, तोही काहिलीपाशी, चारचौघांसमोर. दस्तगीरला आभाळ ठेंगणं झालं. सांगलीतलं बिऱ्हाड कधी हलवायचं याचे बेत करत तो रस ढवळत राहिला. रंग बरोबर होता, बुडबुडेही बरोबर. तेवढ्यात चुलाणात चिपाडं सारणारा गुंडा उठून उभा राहिला.

“दस्तगीरभाई, करपतंय न्हवं!”

चरकावरची माणसंही धावत आली. दस्तगीर काहिलीवर वाकला, छाती भरून श्वास घेतला. गरम वाफ तेवढी आत गेली. जो वास चरकापर्यंत पोचला होता, तो काहिलीवर उभ्या गुळव्याला येत नव्हता.

आबा रागावले नाहीत. होतं एखाद्या वेळी, उद्या नीट काढ, म्हणाले. तो गप्प बसला असता तर गुऱ्हाळ त्याचंच होतं. पण माणसाचा वर्षभराचा ऊस असा आंधळेपणानं शिजवायला त्याचं मन धजेना.

“आबा, मला वासच येत न्हाई. दुसरा गुळव्या बगा,” एवढं बोलून तो उसाच्या ढिगाआड गेला आणि पोटभर रडला.

सांगलीत आल्यावर त्यानं विभागप्रमुखांना घडलेलं सगळं सांगितलं. ते वरमले, आणि पंखा आठवड्याच्या आत सुरू झाला. इतकं सोपं होतं ते! दस्तगीरला खरा संताप आला तो याचा. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वास परत आला तर येईल, खात्री देता येत नाही.

पंखा सुरू झाल्यावर विभागप्रमुखांनी त्याला विचारलं, आता घाण कमी झाली का.

“ते पोरास्नी इचारा, साहेब,” दस्तगीर म्हणाला. “मला ती घाण एकदा जरी आली, तर मी त्याच दिशी पलूसची यष्टी धरीन.”