काजळमावशीची सही

रेडिओच्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात प्लेटा काळ्या करायचं काम तिचं, म्हणून सगळ्याजणी तिला काजळमावशी म्हणायच्या. बावीस वर्षं ती काळी नखं घेऊनच जेवायला बसली. शेजारच्या बाकावर तिची धाकटी जाऊ काचा लावायची. तिचे हात मात्र लोण्यासारखे.

व्हॉल्व्ह म्हणजे काचेची बाटलीच. आतली सगळी हवा ओढून घेतलेली आणि मधोमध निकेलच्या पत्र्याची डबी, तीच प्लेट. काम करताना ती तापते. आत वारा नाही, मग धग जाणार कुठून? काळं अंग ती बाहेर फेकतं, आणि दोन्ही बाजूंना काढलेले पत्र्याचे पंख हातभार लावतात.

नवा साहेब आला. त्याला काळं बघवेना.

"गिऱ्हाइकाला जळकं वाटतं. प्लेट चकचकीत पाहिजे. आणि पंख छाटा, बाटली बारीक होईल."

"साहेब, तापून लाल होईल हो ती."

"मावशी, शाळा किती शिकलात?"

"दुसरी. पण प्लेट शाळेत गेलीच नाही. तिला कोण समजावणार?"

बायका फिदीफिदी हसल्या. साहेबही हसला, आणि जवळ येऊन हळूच म्हणाला, "मुकादमीण नेमायची आहे. नवी प्लेट पास, अशा तपासणीच्या कागदावर तुमची सही झाली, की बोलू."

मुकादमिणीला खुर्ची असते, पाठीला टेकू असतो. मावशीची पाठ कधीच कामातून गेली होती. चूक आहे हे ठाऊक असून तिनं सही ठोकली.

तीन महिन्यांत माल परत यायला लागला. प्लेटा निखाऱ्यासारख्या फुलायच्या, तापल्या पत्र्यातून वायू सुटायचा, की व्हॉल्व्ह निकामी. साहेबानं कागद पुढे सरकवला. "ही सही कोणाची?" महिनाअखेर तिला घरी बसवलं. खुर्ची मिळाली जावेला.

मग काळ्या प्लेटा पुन्हा सुरू झाल्या, पंखांसकट. पण तो काळा लेप कुणाला जमेना. एका संध्याकाळी जाऊ वही घेऊन स्वयंपाकघरात आली.

"ताई, तो लेप किती पातळ करायचा हो? आणि भट्टीत किती वेळ?"

मावशी भांडी घासत होती. जाड सांग, असं दहादा मनात आलं. जाड लेपाचा भुगा सुटतो, सगळा माल वाया. तेवढं एक वाक्य पुरलं असतं. पण तोंडातून निघालं ते खरंच, अगदी मापासकट.

"जरा सावकाश सांगा," जाऊ म्हणाली, "लिहून घेतेय ना मी."