डाव्या खांद्यावरचा चुना

नवी पेठेजवळच्या एका लॅबमध्ये मी बावीस वर्षं लोकांचं रक्त काढते आहे. त्यामुळे अव्वा, म्हणजे माझी आई, सकाळी पूजेवरून उठताना भिंत धरून म्हणाली, "नेल सरितद," तेव्हा मी आधी तिचा दंड बांधला आणि सुई काढली. आमच्या घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालतात. ती म्हणाली होती, जमीन सरकते आहे. फॉर्मवर मी लिहिलं, 'चक्कर'.

"डासानंसुद्धा इतकं प्यायलं नसतं गं," ती म्हणाली.

"हात हलवू नकोस. आधी रिपोर्ट येऊ दे, मग डॉक्टरकडे जाऊ."

साखर ठीक, हिमोग्लोबिन ठीक, थायरॉईड ठीक. बी-१२ मात्र फारच कमी. मला बरं वाटलं. कारण सापडलं होतं, आणि त्यावर इंजेक्शन होतं. डॉक्टरकडे जायचं मी सोडून दिलं. रोज कामावर निघण्याआधी मीच तिला टोचत होते.

त्या दिवसांत तिच्या पोलक्याच्या डाव्या खांद्याला रोज चुना लागलेला असे. आमच्या बोळकांडीच्या भिंतीला चुन्याची सफेदी आहे. "सरळ चाल की जरा, धुवायला मला लागतं," असं म्हणून मी तो हातानं झटकायची.

"भिंतच अंगावर येते, मी काय करू?"

मी हसले होते.

पाचव्या दिवशी ती अंगणात डावीकडे कोसळली. उलट्या थांबेनात. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "चालताना एका बाजूला जात होत्या का?" मी खांद्यावरच्या चुन्याचं सांगितलं. त्यांनी लगेच स्कॅन करायला सांगितलं. स्कॅनमध्ये लहान मेंदूत गुठळी दिसली. तोल तिथूनच सांभाळला जातो.

मी बी-१२चा कागद पुढे केला. "हे खोटं नाही," ते म्हणाले, "पण चक्कर ह्यामुळे नव्हती. मेंदूला इजा झाली की काही प्रथिनं रक्तात उतरतात. काही ठिकाणी ती तपासतात. पण तीसुद्धा नुसता इशारा देतात. आधी पेशंटला चालवून बघायचं."

आमच्या लॅबच्या यादीत ती तपासणी नाही. पण चालवून बघायला यादी लागत नव्हती.

दवाखान्यातल्या तिसऱ्या दिवशी मेंदूला सूज आली आणि अव्वा गेली.

आता फॉर्मवर 'चक्कर' दिसलं की मी सुई बाजूला ठेवते. "काका, त्या दारापर्यंत चालून दाखवा." लॅबचे मालक कुरकुरतात, "ताई, आपलं काम रक्त काढायचं." असेल. परवा एक बाई दाराकडे जाताना डावीकडे कलल्या. रक्त न काढताच मी त्यांना रिक्षात बसवलं आणि दवाखान्यात पाठवलं. मग आत येऊन चुना झटकणारे ते हात धुतले. बराच वेळ धुतले.