जगलेलं झाड कोणी पाहिलं

निवृत्त झाले त्याच उन्हाळ्यात मी मुलीकडे कॅनडात गेले. आयुष्यभर नागपुरात वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं, त्यामुळे मुलीच्या शेजारच्या आजींशी माझी गट्टी जमली ती त्यांच्या अंगणातल्या सफरचंदाच्या झाडावरून. एका रविवारी त्या मला गावातल्या बागेत घेऊन गेल्या. त्या थंड मुलखात सफरचंद रुजवणाऱ्या जुन्या लोकांच्या स्मरणार्थ तिथे छोटासा कार्यक्रम होता.

बाहेरून आणलेली झाडं तिथे पहिल्याच हिवाळ्यात मरायची. तरी काही शेतकरी आणि नर्सरीवाले बिया पेरत राहिले, सायबेरियातल्या बोराएवढ्या रानटी सफरचंदाशी संकर करत राहिले. मेलं ते उपटायचं, जगलं ते ठेवायचं. कित्येकांना आपल्या झाडाचं धड फळही चाखायला मिळालं नाही. एकेकाचं नाव वाचलं गेलं तेव्हा सगळे उभे राहिले. मीही उभी राहिले आणि मला आमच्या महाविद्यालयाच्या रोपवाटिकेतले काका आठवले.

काका संत्र्याचे डोळे बांधायचे. जंबेरीच्या, म्हणजे जाड सालीच्या लिंबाच्या, रोपाच्या सालीला चीर द्यायची, चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा अंकुर सालीसकट काढून त्यात बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. काटोल-वरुडकडच्या कितीतरी बागा त्यांच्या हातच्या. ते निवृत्त झाले तेव्हा कोणी साधा चहाही पाजला नाही. मी त्या दिवशी पेपर तपासत होते.

परत आल्यावर मी बुटीबोरीला त्यांच्या मुलाच्या घरी गेले. काका दारातच बसले होते.

"काका, विद्यार्थ्यांसमोर तुमचा सत्कार करायचा आहे."

"काहून? काम होतं, केलं."

मी त्यांना सफरचंदवाल्यांची सगळी हकिगत सांगितली. त्यांनी लक्षपूर्वक ऐकली आणि विचारलं, "मॅडम, जगलेलं झाड कोनं पाह्यलं?"

"त्याच लोकांनी. म्हणून तर नावं वाचली."

"मंग मले नका बोलावू. डिंक्या आला होता तवा तुम्ही नवीन होत्या."

डिंक्या म्हणजे खोडातून डिंक गळून झाड वाळण्याचा रोग. त्या साली ज्यांच्यावरून डोळे घ्यायचे त्या मातृवृक्षांचा अख्खा तुकडा गेला आणि एक झाड हिरवं राहिलं, एवढं मला माहीत होतं. नंतरची कलमं त्याचीच.

"ते झाड निंदाले येनाऱ्या बाईनं पाह्यलं," काका म्हणाले. "मी त कुऱ्हाड घेऊन निंगालो होतो. ते बाई म्हने, 'भाऊ, याले डिंक नाही, याले नको तोडू.' सायबानं रिपोट लिहिला, म्या डोळे बांधले. तिले कोनं इचारलं?"

ती बाई वारली होती. तिची सून लकडगंजात धान्याच्या गोदामात निवडण-टिपण करते, एवढं काकांना ठाऊक होतं. "तिले बोलवा, मंग येतो मी."

दोन दुपारी फिरल्यावर ती सापडली. आधी तिला वाटलं, मी कसला तरी फॉर्म भरून घ्यायला आले आहे. सगळं ऐकून ती म्हणाली, "आमाले त कधी बोलल्या नाही बाई त्या." मग सुपातलं धान्य पाखडत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "मामंजीले सांगाले पाहिजे."

कार्यक्रम रोपवाटिकेच्या शेडमध्येच झाला. वीसेक विद्यार्थी होते, पुढे ती सून बसली होती. काकांनी भाषण केलं नाही. त्या बाईचं नाव गावासकट दोनदा मोठ्याने घेतलं आणि कुऱ्हाडीची गोष्ट सांगून खाली बसले. मुलं आपणहून उभी राहिली.

सुनेला ते झाड बघायचं होतं. मूळ झाड कधीच गेलं होतं, त्या जागी आता गाड्या उभ्या राहतात. काकांनी तिला मागच्या ओळीत नेलं, वाकून दोन-तीन खोडं पाहिली आणि म्हणाले, "हे तिच्याच झाडाचं." खरंच ओळखलं की तिच्या समाधानासाठी म्हणाले, मला सांगता येणार नाही. मी विचारलंही नाही.

"याले फळं कवा येते?" तिने विचारलं.

"फेब्रुवारीत."

"मंग तवा मामंजीले घेऊन येतो मी."

आणि ती खरंच आली. सासरे काठी टेकत आले, झाडाखाली बसले, दोन संत्री सोलून सावकाश खाल्ली. "जराशी आंबट हाय," म्हणाले. मीही एक खाल्लं. आंबटच होतं.