अण्णांच्या गोळ्या आणि आळंदीचा कावळा

दीर्घायुष्याच्या गोळ्या काढल्या आणि वर्षभरात माझे वडील वारले. (गोळ्यांमुळे नव्हे! डॉक्टरांना मी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं.)

निवृत्त माणसं नातवंडं सांभाळतात, हास्यक्लबात जाऊन खोटं खोटं हसतात. आमच्या अण्णांनी अँटिऑक्सिडंट धरलं! निगडीच्या ज्यूसवाल्यांकडून डाळिंबाच्या साली आणायच्या, जांभळाच्या बिया, द्राक्षांचा चोथा, मावळातली करवंदं जमवायची, सगळं सोसायटीच्या गच्चीत वाळवायचं, आईच्या मिक्सरमध्ये दळायचं आणि कॅप्सूलमध्ये भरायचं. त्यात अण्णांच्या आधी मिक्सर वारला. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीत आहे. दिवसभर लोकांचा माल नापास करून घरी यायचो, तर दारातच अण्णा पाण्याचा पेला घेऊन उभे. "घे. पेशी तरुण राहतात." गिऱ्हाईक म्हणाल तर आम्हीच, तेही धरून आणलेले.

दहाव्याला आळंदीच्या घाटावर पिंड ठेवला. समोरच्या भिंतीवर कावळ्यांची रांग होती, पण एकही जागचा हलेना. शेजारी पुनावळ्याचं एक कुटुंब त्यांच्या पिंडासमोर तसंच ताटकळत बसलेलं. गुरुजी म्हणाले, "इच्छा राहिली असेल. शब्द द्या."

"वहिनीला अंतर देणार नाही रे, अण्णा!" आत्याने सुरुवात केली. कावळा ढिम्म.

"गावची जमीन विकणार नाही!" (गावाला आमची जमीन नव्हतीच, पण आत्या भरात आली होती.)

मग ती माझ्याकडे वळली. "अरे, त्याचा जीव गोळ्यांत अडकलाय! परक्या माणसानं एकदा आपणहून मागून न्यावी, एवढंच म्हणायचा. तू धंदा चालवीन म्हण!"

"शिफ्ट सांभाळून बघतो," मी पुटपुटलो. कावळ्याला अट मान्य नसावी.

"निदान आवडीची वस्तू तरी ठेवा," गुरुजी घड्याळ बघत म्हणाले. आत्याच्या पर्समध्ये गोळ्या होत्याच. तिने चार-पाच फोडून तपकिरी पूड पिंडावर भुरभुरली. आणि आला की हो कावळा! आम्ही हात जोडले. त्याने एक चोच मारली, मान झटकली, दगडावर चोच घासली आणि उडाला. जाताना अख्खी रांग घेऊन गेला!

पुनावळ्याचे एक म्हातारबाबा तावातावाने उठले. "आवं, काय टाकलं तुमी त्येच्यावर? आमचा भाऊबी अडाकला न्हवं हितं!"

मी माफी मागत राहिलो. गुरुजी निमूटपणे दर्भाचा कावळा वळायला लागले. ते पाहून मात्र माझा बांध फुटला. वर्षभर उन्हात साली उलट्यासुलट्या करणारा माणूस, त्याचा माल कावळ्यानेही नापास केला, आणि आता आम्ही गवताच्या कावळ्यावर त्याची बोळवण करत होतो! मी घाटावर बसून लहान पोरासारखा रडलो.

खांद्यावर हात पडला. पुनावळ्याचे म्हातारबाबाच होते. त्यांनी पिंडाशेजारी सांडलेली पूड चिमटीत घेतली, जिभेला लावली आणि थुंकले.

"लई कडू हाय. कावळा पळतोय म्हंजी किडंबी पळत्यालं. आमच्या गव्हाला लई किडं व्हत्यात. घावंल का किलोभर?"

मला आधी कळेचना. मग कळलं. परका माणूस. आपणहून!

"देतो!" मी ओरडलो. "दरवर्षी देतो! माझ्या हाताने दळून देतो! अण्णा, गिऱ्हाईक आलं हो!"

झाडावरून एक कावळा उतरला, सरळ अण्णांच्या पिंडावर. मागोमाग दुसरा बाबांच्या भावाकडे गेला. आत्या हुंदके देत म्हणाली, "बघ, सुटला माझा भाऊ."

भाऊ सुटला, भाचा अडकला. दर रविवारी मी गच्चीत साली पसरतो. सोसायटीतले कौतुकाने म्हणतात, "वडिलांचं काम पुढे चालवताय, वा!" मी मान डोलावतो. जगाला दीर्घायुष्य द्यायला निघालेल्या माणसाचा मुलगा पुनावळ्यात किडे मारतोय, आणि बाबांचा कालच फोन आला होता, किडेही मरत नाहीयेत!