देवरामकाकांचा वानवळा

देवरामकाका बेल एकदाच वाजवायचे आणि दार उघडेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. आत दूध उतू जाऊ द्या, नाहीतर माझ्या डोक्याला शिकेकाई लागलेली असू द्या, माणूस दारात उभाच. हातात स्टीलची ताटली, तिच्यावर वर्तमानपत्राचा कागद. "ताई, पयला वानवळा हाय," एवढंच म्हणायचे. नवं पीक आलं की त्यातलं पहिलं शेजारीपाजारी द्यायचं, हे आमच्या नगर जिल्ह्यात कुणाला शिकवावं लागत नाही. हुरडा, बोरं, हरभऱ्याचा ढाळा, असा वानवळा मी लहानपणी फस्त केलेला आहे. पण काकांच्या ताटलीत जे असायचं ते कंपाउंडच्या कडेला आपोआप उगवतं आणि झाडलोट करणारी बाई उपटून टाकते, असं माझं प्रामाणिक मत होतं.

काका आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरातले. जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून त्यांनी निम्मा जिल्हा पालथा घातला होता. पारनेरला निवृत्त झाले, त्याच वर्षी बायको गेली. मुलीनं, सुमननं, त्यांना नगरच्या सावेडीत आमच्या इमारतीत वरचा फ्लॅट घेऊन दिला आणि ती नोकरीसाठी नाशिकला राहिली. गावाकडचं घर पडलेलं, नगरमध्ये ओळखीचं कुणी नाही. इमारतीत सहा बिऱ्हाडं. त्यांतलं कुणी काकांशी 'पाणी आलं का'च्या पुढं बोलत नसे. मीही तशी एकटीच. नवरा चाकणच्या कंपनीत, शनिवारी उगवणार. मुलगा पुण्याला होस्टेलवर. शाळेच्या ऑफिसातून आले की मी टीव्ही लावायची आणि घर भरल्यासारखं वाटायचं. काकांनी टीव्ही घेतलाच नव्हता.

त्यांचं सगळं जग गच्चीवर. रंगाचे रिकामे डबे, फुटक्या बादल्या, आंब्याच्या लाकडी पेट्या, आणि त्यांत गावाकडून पोत्यानं आणलेली माती. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या नगरात हा माणूस डोंगरातल्या रानभाज्या वाढवत होता. चाईचे कोंब, कुरडू, भारंगी, लोत, करटुली. "रानात ह्यांला कुनी इचारत न्हाई, तरी येत्यात," ते म्हणायचे. "हितं आनलं मंग रोज तोंड दाखवाया लागतं. न्हाईतर रुसत्यात." करटुल्याचे दोन वेल त्यांनी शेजारी शेजारी दोऱ्यावर चढवले होते. एक बाई, एक बाप्या. बाप्याला फक्त फुलं येतात, फळ बाईलाच धरतं. दिवस मावळताना फुलं उमलली की काका बाप्याचं फूल तोडायचे आणि बाईच्या फुलाला हळूच टेकवायचे. "लग्न लावतोय," असं मला एकदा जरा लाजून म्हणाले.

मी मात्र त्यांचा वानवळा दोन वर्षं कोपऱ्यावरच्या गायीला घातला. गाय दिसली नाही तर सरळ घंटागाडीत. न जाणो कसलं पान, पोट बिघडलं तर शनिवारपर्यंत बघायला कुणी नाही, अशी मी माझी समजूत घातली होती. काका दुसऱ्या दिवशी जिन्यात विचारायचे, "कशी झाली?" मी ठोकून द्यायची, "छान झाली!" एका आषाढात त्यांनी लोताची पानं दिली. दुसऱ्या दिवशी विचारलं, "कशी केली?" मी म्हटलं, "कांदा-लसणावर परतली. मस्त!" काकांनी माझ्याकडं जरा निरखून पाहिलं.

"घसा न्हाई खवखवला?"

"छे! अजिबात नाही."

"बरं," म्हणाले आणि कठड्याला धरून वर गेले.

पंधरा दिवसांनी सुमन आली. मी तिला चहाला बोलावलं आणि मोठेपणानं म्हटलं, "तुझे बाबा आम्हाला किती रानभाज्या खाऊ घालतात!" ती हसली नाही. म्हणाली, "मावशी, तुम्ही त्या खाता ना? आमच्याकडं एक रीत आहे. पहिली भाजी दुसऱ्याच्या चुलीवर शिजून कुणाच्या तरी तोंडात गेल्याशिवाय आपण खायची नाही. आजी-पणजीपासून चालत आलंय. यंदा वर लोत जून होऊन वाळून गेलाय, कुंडीतच. मी विचारलं, केली का नाही? तर म्हणतात, अजून कुनाच्या घरी शिजली न्हाई. लोत चिंच घालूनच करावा लागतो, नाहीतर घसा धरतो. भाजीवर जीव आहे त्यांचा, म्हणून विचारलं."

म्हणजे मी गायीला घातलेल्या प्रत्येक जुडीबरोबर वरच्या मजल्यावर एक म्हातारा माणूस उपाशी नव्हे, पण मनासारखं न जेवता राहिला होता. स्वतः वाढवलेली भाजी समोर असताना बाजारची मेथी आणून खात होता. इतकी शरम मला आयुष्यात फार कमी वेळा वाटली आहे.

सुमन गेल्यावर मी गच्चीवर गेले. काका डब्यातली माती खुरप्यानं मोकळी करत होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "काका, मी लोत केलाच नव्हता. टाकून दिला."

"ठावं हाय मला."

"कसं काय?"

"चिचंबिगर लोत खाल्लेलं मानूस दोन दिस घसा धरून बसतं. तुमी तर दुसऱ्या दिशी जिन्यात मोबाईलवर लई येळ बोलत हुता. अन् त्या कोपऱ्यावरच्या गायीफुडं माझी पानं कैकदा दिसली हुती."

हसावं की रडावं तेच कळेना. "मग तरी आणत कशाला राहिलात?"

त्यांनी खुरपं बाजूला ठेवलं. "बाकीची दारं उघडत न्हाईत, ताई. आतून डोळा लावून बगत्यात अन् गप ऱ्हात्यात. तुमी उघडता."

त्या श्रावणात त्यांनी पाच करटुली आणली. मी त्यांना स्वयंपाकघरात बोलावलं; ते उंबऱ्यापाशीच थांबले आणि तिथून हुकूम सोडत राहिले. "बिया काढू नगा, कवळ्या हायेत. पानी घालू नगा. झाकन ठिवा." मी पहिला घास घेतला तेव्हा ते माझ्या तोंडाकडं असे बघत होते, जणू मी दहावीचा निकाल वाचते आहे.

"कडू लागती का?"

"नाही हो. खरंच छान आहे," मी म्हटलं, आणि या वेळी ते खरं होतं. माझ्या ताटातलं त्यांनी काही घेतलं नाही. घाईनं वर गेले. थोड्या वेळानं जिन्यातून लसणाचा वास आला आणि मला एकटीलाच हसू फुटलं. पुढं रोज संध्याकाळी मी गच्चीवर जायला लागले. करटुल्याच्या फुलांचं लग्न लावायलाही शिकले.

असा एकच पावसाळा मिळाला. फाल्गुनात काका गच्चीच्या पायरीवरून घसरले, खुब्याचं हाड मोडलं. सुमन त्यांना नाशिकला घेऊन गेली. तिचा फ्लॅट नवव्या मजल्यावर, गच्चीला कुलूप. जाताना गाडीत बसून ते एवढंच म्हणाले, "कंद मातीत निजल्यात. पाऊस झाला की उठतील. पानी घाला." मी घातलं. ज्येष्ठात दोन्ही वेल वर आले, श्रावणात फळं धरली. पहिली दहा करटुली मी तोडली आणि ताटली घेऊन इमारतीत फिरले. एकीनं दार न उघडताच आतून "आम्ही खात नाही" सांगितलं. दुसरीनं पाच घेतली, संध्याकाळी ती करटुली मला कचऱ्याच्या डब्यात दिसली. बाकीची दारं उघडलीच नाहीत. उरलेली पाच माझ्या ओट्यावर. रीत माझ्या घरची नव्हती, पण मला ती मोडवेना.

नाशिकला फोन लावला. काकांचा आवाज खूप खाली गेला होता. मी सगळं सांगितलं.

"मंग तुमीबी बिनखायाच्या राह्यल्या व्हय?" म्हणाले. "त्यातली दोन मला धाडा. आता माझी चूल दुसऱ्या घरची हाय. हितं शिजली की तुमी मोकळ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या नाशिक गाडीच्या कंडक्टरच्या हातापाया पडून मी दोन करटुली पाठवली. सुमननं ती स्टँडवर घेतली, एवढा मेसेज आला. मग दोन दिवस काही नाही. मी तीन करटुली फ्रिजमध्ये ठेवून वाट पाहिली.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. बाबा पहाटे गेले. रडत रडत ती सांगत होती, "काल दुपारी पलंगावरून सांगून सांगून भाजी करायला लावली. दोन घास खाल्ले. म्हणाले, नगरला कळव, आता तुमी खुशाल खा. मी म्हटलं, रात्री करते फोन. राहून गेला, मावशी."

शेजारचं माणूस गेलं की त्या दिवशी आपल्याकडं चूल पेटवत नाहीत. माझ्या आईनं कधी पेटवली नाही, मीही कधी पेटवली नव्हती. त्या दिवशी मी गॅस पेटवला, तीन करटुली चिरली आणि ओट्यापाशी उभी राहून, रडत, एकटीनंच सगळी भाजी खाल्ली. निरोप तसा होता.